गरम चहा, तेरा चिन्हे आणि सात वर्तुळे: न सुटलेल्या गूढांवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ‘मेरी सेलेस्ट’ जहाज सापडले तेव्हा टेबलावरचा चहा गरम होता म्हणतात. मग त्यावरची दहा माणसे गेली कुठे?

चहा गरम असणे शक्यच नव्हते. 4 डिसेंबर 1872 रोजी अझोर्स बेटे आणि पोर्तुगाल यांच्या दरम्यान ‘देई ग्रात्सिया’ या जहाजाला ‘मेरी सेलेस्ट’ भरकटताना दिसले, तेव्हा त्यावरची शेवटची नोंद 25 नोव्हेंबरच्या सकाळची होती. म्हणजे नऊ दिवस शिळी. चहा, अर्धवट खाल्लेले जेवण ही सगळी नंतर चढवलेली फोडणी. 1884 मध्ये आर्थर कॉनन डॉयलने या घटनेवर कथा लिहिली. तिच्यात जहाजाचे नाव ‘मारी सेलेस्ट’ झाले आणि त्याच्या होड्या जागच्या जागी असल्याचे दाखवले गेले. लोकांच्या डोक्यात बसली ती ही कथा.

खऱ्या जहाजावरची होडी गायब होती, आणि त्या एका गोष्टीने प्रश्नच बदलतो. माणसे विरून गेली नाहीत, होडीत बसून गेली. वेळ मोजायचे क्रोनोमीटर आणि सेक्स्टंट हेही जागेवर नव्हते, म्हणजे निघताना दिशा शोधायची साधने बरोबर घेण्याइतके भान होते. पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी सोबत असलेल्या बेंजामिन ब्रिग्ज या अनुभवी कप्तानाला तरंगते जहाज सोडावेसे का वाटले, एवढेच विचारायचे उरते.

दोन उत्तरांत दम आहे. जहाजावर औद्योगिक अल्कोहोलची 1701 पिंपे होती आणि इटलीतल्या जिनोव्हा बंदरात माल उतरवला तेव्हा त्यातली 9 रिकामी निघाली. ती लाल ओकची होती. हे लाकूड पांढऱ्या ओकपेक्षा सच्छिद्र असल्याने अल्कोहोल झिरपून वाफ साठली, भडका उडाला आणि कप्तान घाबरला, असे एक मत. ‘पण जळल्याची खूण कुठे नव्हती’ या आक्षेपाला 2006 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात उत्तर मिळाले. तिथे कोठीच्या नमुन्यात ब्यूटेन वायू आणि पिंपांच्या जागी कागदी ठोकळे ठेवून स्फोट केला. ज्वाळेचा मोठा लोळ उठला, पण कागद काळवंडलासुद्धा नाही.

दुसरे उत्तर साधे आहे आणि आमचा कल तिकडे आहे. तळात सुमारे साडेतीन फूट पाणी होते, एक पंप खोलून ठेवलेला होता आणि पाण्याची खोली मोजायची काठी डेकवर पडलेली होती. साडेतीन फुटांनी हे जहाज बुडत नाही. पण मालाने गच्च भरलेल्या तळातले पाणी डोळ्यांना दिसत नाही. पंप आणि काठी सांगतील त्यावरच विसंबावे लागते. पंप अडला, मोजणी चुकली आणि समोर सांता मारिया बेट दिसत असले, तर होडी उतरवण्याचा निर्णय वेडेपणाचा ठरत नाही. होडीचा मात्र कधीच पत्ता लागला नाही, म्हणून यापुढे कोणाला जाता येत नाही.

प्रश्न: झोडियाक मारेकऱ्याचा 340 चिन्हांचा संकेत सुटला. मग 13 चिन्हांचा तर चुटकीसरशी सुटायला हवा. मी त्यातून एक नाव काढले आहे. ते बरोबर आहे का?

नाव न पाहताच सांगतो: बरोबर असेलही, पण ते तुम्हाला सिद्ध करता येणार नाही.

संकेत जितका लांब तितका तो फोडायला सोपा, हे ऐकायला उलटे वाटते. झोडियाक हा कॅलिफोर्नियातला कधीच न सापडलेला मारेकरी, वृत्तपत्रांना सांकेतिक पत्रे पाठवणारा. त्याचा 340 चिन्हांचा मजकूर नोव्हेंबर 1969 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्राकडे आला आणि डिसेंबर 2020 मध्ये डेव्हिड ओरँचाक, सॅम ब्लेक आणि यार्ल व्हान आयके यांनी तो फोडला. अडचण दुहेरी होती. एकाच अक्षरासाठी अनेक चिन्हे तर होतीच, वर अक्षरांचा क्रमही विसकटलेला होता. 17 स्तंभ आणि 20 ओळींच्या त्या चौकटीचे 9, 9 आणि 2 ओळी असे तीन तुकडे करायचे. पहिल्या तुकड्यात डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करून प्रत्येक वेळी एक ओळ खाली आणि दोन घरे उजवीकडे जायचे, कड आली की पलीकडून पुन्हा आत शिरायचे. वाचनाच्या अशा साडेसहा लाख तऱ्हा संगणकाला चाखायला दिल्यावर एकीत ‘गॅस चेंबर’सारखे शब्द वर आले. गंमत म्हणजे लिहिणारा स्वतःच दुसऱ्या तुकड्यात एका ठिकाणी चुकला होता, त्यामुळे तिथे आधी गिचमीडच निघाली. चूक ओळखून घरे सरकवली तेव्हा उरलेला मजकूरही सरळ झाला. किल्ली खरी असल्याचा याहून चांगला पुरावा नाही, कारण ज्या ओळींवरून ती बनवली नव्हती त्या ओळींनाही ती लागली.

एप्रिल 1970 च्या पत्रातल्या, ‘माझे नाव’ असे सांगणाऱ्या 13 चिन्हांत वेगळी चिन्हे फक्त 8 आहेत. एवढ्याशा जागेत शेकडो नावे चपखल बसतात, आणि किल्ली तपासायला उरलेला मजकूरच नाही. तुमचे नाव बसते, शेजाऱ्याचेही बसेल.

हीच कसोटी अज्ञात लिपीत लिहिलेल्या व्हॉयनिच हस्तलिखितालाही लावा, त्याची ‘उकल’ दरवर्षी कोणीतरी जाहीर करतो. येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात असलेल्या या वहीचे कातडे कार्बन कालमापनानुसार 1404 ते 1438 या काळातले आहे. दावेदाराला दोनच गोष्टी विचारा. त्याने न वापरलेले एखादे पान दुसऱ्या माणसाने त्याच किल्लीने वाचले तर तेच वाक्य निघते का? आणि एकच शब्द लागोपाठ दोन-तीनदा येतो, काही चिन्हे ठरावीक जागीच दिसतात, याचा त्या भाषेत अर्थ काय? बहुतेक उकली पहिल्याच प्रश्नाला गळपटतात, कारण प्रत्येक शब्दाला सोयीप्रमाणे अक्षरे उलटीपालटी करायची मुभा त्यांनी स्वतःच घेतलेली असते.

प्रश्न: बर्म्युडा ट्रँगलमध्ये होकायंत्रे का बिघडतात?

बिघडत नाहीत. 5 डिसेंबर 1945 रोजी बेपत्ता झालेल्या, ‘फ्लाइट 19’ या अमेरिकी नौदलाच्या तुकडीतल्या पाच विमानांच्या प्रमुखाला होकायंत्रे बंद पडली असे वाटले आणि खालची बेटे फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाची ‘फ्लोरिडा कीज’ आहेत असे तो चुकून धरून चालला. त्या समजुतीवर दिशा बदलत गेल्या, अंधार पडला, हवामान बिघडले, इंधन संपत आले. 14 माणसे गेली. त्यांना शोधायला निघालेले, 13 जणांचे विमानही परतले नाही, पण एका जहाजाने त्या सुमारास समुद्रावर ज्वाळा पाहिल्या होत्या. विमाने सापडली नाहीत, एवढेच खरे गूढ. रहदारीच्या मानाने तिथे अपघात जास्त होतात असे दिसलेले नाही.

प्रश्न: एमएच 370 चा ठावठिकाणा उपग्रहाला कळला होता, तरी विमान का सापडत नाही?

ठावठिकाणा नव्हे, उपग्रहापासूनचे अंतर कळले होते. सगळा घोळ या फरकात आहे.

8 मार्च 2014 रोजी 239 जणांना घेऊन क्वालालंपूरहून निघालेल्या मलेशिया एअरलाइन्सच्या या बोइंग 777 चा ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारला विमानाची ओळख सांगणारे यंत्र, मलेशियाच्या वेळेनुसार 1 वाजून 21 मिनिटांनी गप्प झाले. लष्करी रडारवर विमान 2 वाजून 22 मिनिटांपर्यंत दिसत होते. त्यानंतर उरली ती उपग्रहाची हजेरी. तासभर काही संदेश आला नाही की जमिनीवरचे केंद्र ‘आहेस का?’ असा संकेत पाठवते आणि विमानातले यंत्र आपोआप ‘आहे’ म्हणते. या उत्तराला किती वेळ लागला ते नोंदले जाते. वेळेत एक मायक्रोसेकंदाचा फरक म्हणजे एकेरी अंतरात 150 मीटरचा फरक. पण अंतर कळले तरी दिशा कळत नाही, म्हणून प्रत्येक हजेरीचे पृथ्वीवर एक मोठे वर्तुळ होते. अशी सात वर्तुळे निघाली.

उत्तर की दक्षिण, हे लहरींच्या वारंवारतेतल्या बारीक सरकण्यावरून ठरले. उपग्रह स्थिर म्हणवला तरी तो थोडा उत्तर-दक्षिण झुलतो, आणि त्या झुलण्यामुळे दोन्ही बाजूंचे आकडे वेगळे येतात. 8 वाजून 19 मिनिटांची सातवी हजेरी सर्वांत बोलकी आहे, कारण ती केंद्राने मागितली नव्हती. विमानातल्या यंत्राने स्वतःहून पुन्हा जोडणी मागितली. वीज जाऊन परत आली की असे होते, म्हणजे तोवर बहुधा इंधन संपले होते.

शोधायचे ते या सातव्या वर्तुळाच्या हजारो किलोमीटर लांब कमानीवर. कमानीवर नेमके कुठे, हे वेग आणि वळणे गृहीत धरूनच सांगता येते. कमानीपासून किती दूर, हे विमान सरळ कोसळले की थोडे तरंगत गेले यावर अवलंबून. जानेवारी 2017 पर्यंत 1,20,000 चौरस किलोमीटर तळ धुंडाळला, 2018 मध्ये ओशन इन्फिनिटी या कंपनीने जवळपास तेवढाच आणखी. जुलै 2015 मध्ये रियुनियन बेटावर पंखाचा जो तुकडा मिळाला, त्याने विमान हिंदी महासागरात गेल्याचे पक्के केले. पण सोळा महिने प्रवाहांबरोबर फिरलेल्या तुकड्यावरून मागे मागे जात बिंदू काढणे म्हणजे पुन्हा पट्टाच हाती येणे.

प्रश्न: विमानातून उडी मारणारा डी. बी. कूपर वाचला असेल का?

अमेरिकेत विमान ओलीस धरून खंडणी उकळणाऱ्या या माणसाने तिकिटावर ‘डॅन कूपर’ लिहिले होते, ‘डी. बी.’ हा बातमीदारांनी केलेला ध चा मा. 24 नोव्हेंबर 1971 च्या रात्री, पावसात, साध्या बुटांवर, खंडणीचे 2,00,000 डॉलर घेऊन त्याने बोइंग 727 च्या मागच्या जिन्यावरून उडी घेतली. त्याला दिलेल्या चार पॅराशूटांपैकी एक सरावाचे, शिवून बंद केलेले होते, आणि नेमके तेही तो घेऊन गेला. कसलेला पॅराशूटवाला ही चूक करत नाही.

तो जगला की मेला, हे नोटा सांगत नाहीत, पण एक पेच टाकतात. 1980 मध्ये कोलंबिया नदीकाठी वाळूत 5,800 डॉलर, म्हणजे 20 च्या 290 नोटा सापडल्या आणि त्यांचे क्रमांक खंडणीच्या नोटांशी जुळले. 2020 मध्ये त्यांच्यावरच्या सूक्ष्म शैवालांची, डायटमची तपासणी झाली, तेव्हा मे-जूनमध्ये फुलणाऱ्या जाती सापडल्या. उडी नोव्हेंबरची. म्हणजे पैसे पडल्या पडल्या नदीत गेले नाहीत. निदान काही महिने कुठेतरी कोरडे होते. कुठे आणि कोणाजवळ, हे न ठरताच 2016 मध्ये एफबीआयने तपास थांबवला.