टेरियर घरी आणण्याआधी तिला काम काय देणार ते ठरवा

ताई, तुम्ही लिहिलंय की निवाऱ्यात चार वर्षांची, सहा-सात किलोची एक टेरियर कुत्री आहे. जुळे सोलापुरात तुमचा फ्लॅट आहे, घरात सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई आहेत. ‘लहान आहे, फ्लॅटमध्ये मावेल, मग घ्यावी का?’ असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते घ्या. पण ‘लहान आहे’ एवढंच कारण असेल तर अजून थोडं थांबा.

टेरियर या नावाच्या मुळाशीच जमीन आहे. फ्रेंचमध्ये ‘तेर’ म्हणजे जमीन. बिळात घुसून कोल्हा हुसकायचा, कोठारातले उंदीर मारायचे, यासाठी माणसाने ही कुत्री पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवली. जॅक रसेल ही टेरियरची जात इंग्लंडमधल्या ज्या पाद्र्याच्या नावाने ओळखली जाते, त्याने १८१९ मध्ये घेतलेली पहिली कुत्रीही शिकारीसाठीच होती. अंग आटोपशीर ठेवलं ते बिळात शिरता यावं म्हणून, मांडीवर बसवण्यासाठी नाही. उकरणं, भुंकणं, खारीमागे सुसाट सुटणं ही तिची खोड नाही, तो तिचा धंदा आहे.

हे मला आमच्या ठमीने, आमच्या टेरियर कुत्रीने, शिकवलं. ती आली तेव्हा पाच वर्षांची होती आणि आधीच्या दोन घरांनी तिला परत केलं होतं. एका घरी ती दिवसभर गच्चीवर साखळीला असायची. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात तिने तुळशीची कुंडी मुळापर्यंत उकरली, आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. रात्री दाराशी बसून ठमी रडायची, ताटलीला तोंड लावायची नाही. मलाही वाटलं, चूक झाली. मग एका पहाटे मागच्या बोळात तिने चांगली थोराड घूस धरली. त्या दिवशी ती पोटभर जेवली आणि पहिल्यांदा पाय पसरून झोपली. तिला काय हवंय ते तेव्हा मला कळलं.

घूस धरू देणं मात्र योग्य नाही. घुशी-उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो माणसालाही होतो. शिवाय कुणी उंदरांचं औषध टाकलं असेल तर त्यातल्या बऱ्याच औषधांमुळे रक्त गोठत नाही, आणि लक्षणं दिसायला तीन-चार दिवस जातात. संशय आला की त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. रक्त न गोठू देणाऱ्या औषधांवर व्हिटॅमिन के हा उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.

म्हणून आम्ही तिला दुसरं काम दिलं. अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये माती भरली आणि तिच्यात तिची खेळणी पुरून ठेवायला लागलो. कुंड्या वाचल्या. जुनी सोलापुरी चादर गुंडाळून घड्यांमध्ये भाकरीचे तुकडे लपवतो, ते ती वीस मिनिटं हुंगून हुंगून काढते. फ्लॅटमध्ये हे सगळं जमतं, फक्त रोज करावं लागतं. भाकरी कोरडीच द्या. शेंगाचटणीत लसूण असतो आणि कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट कुत्र्यांना विषासारखं. सासूबाईंना हे आधीच सांगा, प्रेमाने भरवणारे हातच यात चुकतात.

आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहेच. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला की डांबराने पंजे भाजतात. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसत नसेल तर तिलाही सोसणार नाही. फिरणं सूर्य वर यायच्या आत, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर. धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, पाय लटपटले तर साध्या पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा आणि लगेच डॉक्टर गाठा. बर्फाचं पाणी ओतू नका. पाणी चार-पाच दिवसांआड येतं म्हणून रोजच्या आंघोळीची काळजी नको, महिन्यातून एकदा पुरते. गोचीड मात्र रोज बघा: कानामागे, बोटांच्या बेचक्यात. गोचीड तापात आधी भूक जाते, अंग तापतं, हिरड्या फिकट पडतात. रक्त तपासल्याशिवाय नक्की कळत नाही.

आणि संक्रांतीला भरणारी आपली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा! शोभेच्या दारूचे आवाज ठमीला पहिल्या वर्षी अजिबात सोसले नाहीत, ती पलंगाखाली थरथरत होती. आता त्या संध्याकाळी आतली खोली, खिडक्या बंद, पंखा मोठा, मी शेजारी. दिवाळीलाही तेच. त्या दिवसांत दाराबाहेर नेताना दुहेरी पट्टा. घाबरलेली टेरियर फटीतूनही निसटते.

मुलाबद्दल: ती जेवताना आणि झोपलेली असताना हात लावायचा नाही. हा एकच नियम, पण पहिल्या दिवसापासून, पाहुण्यांच्या पोरांनाही. जवळ यायचं की नाही ते तिला ठरवू दे. साधारण तीन दिवस भेदरलेले, तीन आठवडे चाचपडण्याचे आणि तीन महिन्यांनी घर आपलं, असा हिशेब धरा. ठमीला पाच महिने लागले.

आता निवाऱ्यात जाल तेव्हा सासूबाई आणि मुलगा दोघांनाही न्या. तिला उचलू नका, अंतरावर बसून राहा. एकदा नाही, तीनदा जा. लसीकरणाचं कार्ड बघा, रेबीजचा डोस कधीचा आहे, नसबंदी झालीय का विचारा. आणि आधीच्या घराने तिला नेमकं का सोडलं, हे खोदून विचारा. ‘भुंकते’ किंवा ‘उकरते’ असं म्हणाले तर निःशंक आणा. ‘चावली’ म्हणाले तर कुणाला, कधी, समोर ताटली होती का, एवढं विचारून मला कळवा, मग पुढचं बोलू.