पिकासातली नावं वाचतील का?

प्रश्न : फोटो सांभाळायला मी अजून गूगलचा पिकासा हा प्रोग्रॅमच वापरते. हजारो फोटोंतल्या चेहऱ्यांना हौसेने नावं दिली आहेत. आता कॉम्प्युटर बदलायचाय. मुलगा म्हणतो, ‘ते केव्हाच बंद झालं, सोडून दे.’ माझी मेहनत वाया जाणार का?

उत्तर : नाही जाणार. मात्र जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवरच हे काम उरकून घ्या. गूगलने १५ मार्च २०१६ पासून पिकासाची देखभाल थांबवली. आधी उतरवून घेतलेला प्रोग्रॅम चालत राहिला, म्हणून तुमचं आजवर निभावलं.

तुम्ही दिलेली नावं बहुधा फोटोत नाहीतच. ती पिकासाच्या स्वतःच्या नोंदींत असतात, त्यामुळे नुसते फोटो पेनड्राइव्हवर घेतलेत तर नावं मागेच राहतील. आधी सगळ्याची एक प्रत काढा. मग ३.९ आवृत्तीत ‘टूल्स’मधल्या ‘एक्सपेरिमेंटल’मध्ये ‘राइट फेसेस टू एक्सएमपी’ निवडा. नावं थेट फोटोच्या फाइलीत लिहिली जातात. डिजिकॅम हा मोफत प्रोग्रॅम ती वाचतो.

कापलेले, उजळलेले फोटोही तपासा. ‘सेव्ह’ केलं नसेल तर मूळ फाइल अजून जशीच्या तशी आहे, म्हणजे तुमचे बदल तिच्यात उतरलेले नाहीत. ‘सेव्ह’ केल्यावर मूळ फोटो ‘पिकासाओरिजिनल्स’ या लपलेल्या फोल्डरमध्ये जातो. तोही सोबत घ्या.

मुलाचं ऐकू नका असं नाही, पण घाई नको. सुरुवातीला एकच फोल्डर करून पाहा, नव्या कॉम्प्युटरवर नावं दिसली की मग बाकीचे.