ज्युनियर कॉलेजमधून चार वर्षांच्या विद्यापीठात बेसबॉल खेळायला जाताना

अमेरिकेतील ज्युनियर कॉलेजात (आपली अकरावी-बारावी नव्हे, तर बारावीनंतरचे दोन वर्षांचे महाविद्यालय) बेसबॉल खेळणाऱ्या मुलाने चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्यापूर्वी कशाकडे लक्ष द्यावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, प्रशिक्षकांना व्हिडिओ पाठवण्याआधी त्याने आपली गुणपत्रिका समोर घेऊन बसावे. एनसीएएच्या (अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी संस्था) डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे तिच्या सर्वोच्च गटात, जाणाऱ्या अशा खेळाडूची, तेथे ग्राह्य धरल्या जाणाऱ्या विषयांतील गुणांची सरासरी ४.० पैकी किमान २.५ असावी लागते आणि तिसऱ्या वर्षात प्रवेश करताना निवडलेल्या पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण झालेला असावा लागतो. गफलत होते ती इथेच. विद्यापीठाने क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयासाठी मिळणारे श्रेयांक) स्वीकारले, तरी ते त्या पदवीत मोजले जाईलच असे नाही. अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या मुलाचा तीन क्रेडिटचा कॉलेज अल्जिब्रा (बीजगणिताचा प्राथमिक विषय) बहुधा वाया जातो, कारण त्या पदवीचे गणित कॅल्क्युलसपासून सुरू होते. म्हणून पदवीचा विषय पहिल्याच वर्षी ठरवावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. शिवाय ज्युनियर कॉलेजचा खेळाडू मेजर लीगच्या (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल) ड्राफ्टसाठी, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीसाठी, दरवर्षी पात्र असतो. विद्यापीठात गेल्यावर मात्र साधारणपणे तिसरे वर्ष संपेपर्यंत किंवा वयाची २१ वर्षे होईपर्यंत थांबावे लागते.