हाक मारली तरी वळत नाही

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा. एक शब्द नाही, हाकेला वळत नाही. सासूबाई म्हणतात, ‘याचा बापही उशिराच बोलला.’ थांबू का?
– एक आई, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : नको. बाप उशिरा बोलला, पण हाकेला वळायचा ना? विचारा सासूबाईंना! आधी कान तपासा. माझ्याकडे विडी वळणाऱ्या एका बाईंची लेक ‘हट्टी’ म्हणून आली होती. पोरीला ऐकूच येत नव्हतं. कान ठीक निघाले, तर बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी. बोट दाखवतो का, नजर देतो का, हे टिपून न्या. अंगणवाडीत सरकारच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते मोफत तपासतं. अशी तुम्ही एकटी नाही. २०१६ मध्ये जगात पाच वर्षांखालच्या सुमारे ५ कोटी २९ लाख मुलांना विकासात्मक अपंगत्व (ऐकणं, बघणं, शिकणं, वागणं यांतली कायमची अडचण) असल्याचा अंदाज होता. तपासणी होईतोवर मोबाइल बाजूला. भाकरी थापताना त्याच्याशी बोला.