वाचकांचे प्रश्न : ‘द विझर्ड ऑफ ऑझ’

प्रश्न : एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या पुस्तकात नायिका डोरोथीचे बूट चांदीचे आहेत. १९३९च्या चित्रपटात ते लाल कसे झाले?

उत्तर : टेक्निकलरमुळे, म्हणजे तेव्हाच्या रंगीत चित्रणाच्या पद्धतीमुळे. पिवळ्या विटांच्या रस्त्यावर चंदेरी बूट उठून दिसले नसते, म्हणून पटकथाकार नोएल लँगली यांनी ते माणकांचे केले. पण भडक लाल टिकल्या लावून भागत नव्हतं. त्या फिल्मवर भडक लाल नारिंगीकडे झुकायचा, त्यामुळे टिकल्या मुद्दाम काळपट लाल घेतल्या. एक जोड वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकी इतिहास संग्रहालयात आहे. त्याच्या तळव्यांना फेल्ट चिकटवलंय, नाचताना पावलांचा आवाज होऊ नये म्हणून.

प्रश्न : डोरोथी दार उघडते आणि तपकिरी चित्र एकाच शॉटमध्ये रंगीत होतं. संगणक नसताना हे कसं जमलं?

उत्तर : तो शॉट पहिल्यापासून रंगीत फिल्मवरच घेतलाय. घराची आतली बाजू तपकिरी रंगवली आणि डोरोथी झालेल्या ज्युडी गार्लंडच्या जागी तपकिरी चौकड्यांचा फ्रॉक घातलेली बदली कलाकार पाठमोरी उभी केली. ती दार उघडून बाजूला सरकते, कॅमेरा दारातून पुढे जातो, आणि निळ्या चौकड्यांच्या फ्रॉकमधली खरी ज्युडी चित्रात येते. पुन्हा बघाल तेव्हा लक्ष ठेवा : दार उघडणाऱ्या मुलीचा चेहरा दिसतच नाही.

डोरोथी राहते ते कॅन्सस बेरंग दाखवायच्या कल्पनेचं मूळ मात्र पुस्तकात आहे. पहिल्या प्रकरणात बॉम सगळं कॅन्सस करडं करून टाकतात. उन्हानं करपलेलं गवत करडं, रंग उडालेलं घर करडं, एम काकूंच्या गालांची नि ओठांचीही लाली गेलेली. चित्रपटानं बूट बदलले, पण हा रंगहीनपणा इमानानं जपला. घरी बघताना टीव्हीचा ‘व्हिविड’ मोड काढून ‘सिनेमा’ ठेवा. व्हिविडमध्ये निळसर झाक येते, तपकिरी छटा मळकी दिसते आणि या दाराची सगळी मजा जाते.

प्रश्न : चक्रीवादळ कशाचं होतं?

उत्तर : मलमलीचं! स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या आर्नोल्ड गिलेस्पी यांनी आधी रबराचा शंकू करून पाहिला. तो ताठच राहिला, पीळ पडेना. मग सुमारे ३५ फुटांची मलमलीची निमुळती नळी केली. वरचं टोक छताखालच्या सरकत्या सांगाड्याला, खालचं जमिनीवरच्या खाचेत. दोन्ही टोकं वेगवेगळ्या दिशांना ओढली की सोंडेला बाक येतो. तळाशी हवेच्या दाबानं मुलतानी माती उडवली. कापड जमिनीला टेकतं ती जागा धुळीत झाकली जाते. अंगावर कोसळणारं घर दाखवायला छोटं मॉडेल आकाश रंगवलेल्या जमिनीवर टाकलं आणि फिल्म उलटी चालवली.

प्रश्न : मुलांना आधी पुस्तक द्यावं की चित्रपट दाखवावा?

उत्तर : पुस्तक. चित्रपटात ऑझ ही डोरोथी पोचते ती जादूची दुनिया स्वप्न ठरते, आणि आमच्या मते तो त्याचा सर्वांत कमकुवत निर्णय आहे. पुस्तकात प्रवास खरोखर घडतो. डोरोथी परतते तेव्हा हेन्री काकांनी नवं घर बांधलेलं असतं आणि तिच्या पायांत नुसते मोजे असतात, कारण उडत येताना बूट वाळवंटात पडलेत. शेवट आधीच स्वप्न म्हणून कळला, तर वाचणारं मूल पानोपानी तिच्या जागं होण्याचीच वाट बघतं. मूल फार लहान असेल तर उडत्या माकडांचा प्रसंग आधी स्वतः बघून घ्या.