अमावास्येला नवीन वर्ष?

प्रश्न: ताई, आमच्या ह्यांच्या टॉवेलच्या कारखान्यात मशीन बसवायला चीनहून दोन इंजिनीयर आलेत, आमच्या मुलाच्याच वयाचे. १७ फेब्रुवारी २०२६ ला त्यांचं नवीन वर्ष आहे म्हणे. घरी जेवायला बोलवावं असं फार मनात आहे, पण आम्ही शाकाहारी, आणि सासूबाई म्हणतात त्या दिवशी अमावास्या, अमावास्येला कसलं नवीन वर्ष? काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: बोलवा की! फक्त १७ ला नाही, १६ च्या रात्री बोलवा, कारण त्यांच्यात आदल्या रात्रीचंच जेवण मोठं असतं, पोरं कुठंही नोकरीला असली तरी त्या रात्री घरी पोचायला धडपडतात, आणि हे दोघं यंदा घरापासून इतक्या लांब आहेत.

सासूबाईंना सांगा, आपला महिना अमावास्या संपल्यावर लागतो, त्यांचा अमावास्येच्याच दिवशी लागतो, एवढाच फरक. अधिक महिना तेपण धरतात, १९ वर्षांत ७. आणि आपलं लक्ष्मीपूजन कधी असतं, अमावास्येलाच ना?

जेवायला मंचुरियन वगैरे करू नका, ते आपल्या इकडचंच आहे. उत्तर चीनमध्ये त्या रात्री जियाओझ करतात, म्हणजे मैद्याची पारी, आत सारण, करंजीसारखं मुडपायचं आणि पाण्यात उकळायचं किंवा वाफवायचं. त्याचा आकार जुन्या काळच्या चांदीच्या लगडीसारखा म्हणून घरात पैसा येतो असं मानतात. सारणाला कोबी, गाजर, पनीर, आलं, कांद्याची पात चालेल, आणि मोदकपात्र आहेच. एकदोन पाऱ्यांत शेंगदाणा लपवा, ज्याला मिळेल त्याला दीर्घायुष्य, ही त्यांच्याकडचीच रीत आहे आणि सोलापुरात शेंगांना काय तोटा! पण त्यांना पाहुण्यासारखं खुर्चीत बसवू नका हां, परातीपाशी बसवा, सगळ्यांनी मिळून करत बसायचं हाच तर सण आहे, आपल्या दिवाळीच्या करंज्यांसारखा.

मासा मात्र त्यांना महत्त्वाचा, 'मासा' आणि 'शिल्लक' दोन्हीचा उच्चार 'यू' म्हणून थोडा मुद्दाम उरवतात. तुमच्याकडे नाही तर नाही, वाईट वाटून घेऊ नका, वर्षाच्या पहिल्या दिवशी तिकडंही कित्येक घरांत शाकाहारीच असतं.

पैसे दिले तर लाल पाकिटात द्या, पांढऱ्यात नको, आणि आपण १०१ करतो तसा वरचा रुपया लावू नका, त्यांना जोड आकडा शुभ. फक्त ४ टाळा, त्याचा उच्चार 'मरण' या शब्दाच्या जवळ जातो. घड्याळ भेट देऊ नका. मला विचाराल तर लाल सोलापुरी चादर द्या, याहून चांगलं काय असणार?

संक्रांतीचा तिळगूळ उरला असेल तर तोही काढा. वर्ष संपायच्या आठवडाभर आधी त्यांचा चुलीचा देव घरातल्यांची खबर द्यायला स्वर्गात जातो, त्यानं तिथं गोड बोलावं म्हणून त्याला चिकट मिठाई देतात. आपलं 'गोड गोड बोला' त्यांना लगेच कळेल बघा.

आणि जेवण लवकर उरका, चीन आपल्या अडीच तास पुढं आहे, तिथले रात्रीचे १२ म्हणजे आपले साडेनऊ. तेव्हा ते आईवडिलांना व्हिडिओ कॉल करणारच, वायफायचा पासवर्ड आधीच देऊन ठेवा.