दिवाळीला घरी येशील तेव्हा

पोरी,

तुझा मेसेज परवाच वाचला पण सोयाबीन काढणं सुरू होतं, थ्रेशर एकदाचं मिळालं होतं, म्हणून उशीर झाला. दिव्यांग भावाचा राग येतो, होस्टेलवरून घरी यावंसंच वाटत नाही, मी वाईट आहे का असं विचारलंस. नाही गं बाई.

मी पाचवीत होते तेव्हाचं सांगते. तान्हा पोळा होता. माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण बोलणं तीन-चार वर्षांच्या लेकरासारखं, त्याला लाकडी नंदी घेऊन देवळापाशी न्यायचं काम माझंच. तिथं बोजारा, म्हणजे पोरांना खाऊ-पैसे, वाटणाऱ्या बाईनं विचारलं हा कोणाचा पोट्टा, आणि मी म्हटलं माहीत नाही. तो माझ्या फ्रॉकचं टोक धरून उभा होता, हसत होता. पन्नाशी उलटली तरी दर तान्ह्या पोळ्याला ते आठवतंच. पण त्या अकरा वर्षांच्या पोरीला मी आता शिव्या देत नाही, वर्षभर पोट्टे तिला येडपटाची बहीण म्हणून चिडवायचे आणि घरी सांगायची सोय नव्हती, कारण घरी एकच वाक्य तयार असायचं, तू तर समजदार आहेस ना. (हे वाक्य ऐकून ऐकून समजदार झालेल्या पोरी मी लय पाह्यल्या, सगळ्या आतून थकलेल्या.)

बारावीला 86 टक्के आले त्या दिवशी भावाला फिट आली आणि पेढे राहूनच गेले, हे तू मला लिहिलंस, आईला सांगितलंस का? सांग. भांडणात नको, करंज्या भरताना सांग, हात कामात असले की डोळ्यात बघावं लागत नाही.

आणि त्याच दिवाळीत दुसरं बोलणं काढ, जे आमच्या घरी कधी निघालंच नाही. माझे बाबा अचानक गेले, सातबाऱ्यावर माझ्या भावाचं नाव लागलं आणि मग पीककर्जापासून सगळं अडलं, सही कोण करणार? तुझा भाऊ पुढच्या वर्षी 18 चा होतोय. त्यानंतर आईबाप आपोआप कायद्यानं पालक राहत नाहीत. मतिमंदत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बहुविकलांगता यांच्यासाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्यात पालकत्वाचा अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायचा असतो, तिथं कलेक्टर अध्यक्ष असतात. सध्या आईबाबांचंच नाव लावा. त्यांच्यामागं कोण हे मात्र तुला विचारून ठरू दे, तुला गृहीत धरून नाही. तू म्हणू शकतेस की पैशाचं, कागदाचं मी पाहीन पण रोजचं करायला नोकरी सोडून येणार नाही. असं म्हटलं म्हणून बहीण कमी होत नाही. माझा भाऊ आज माझ्याकडेच आहे, पण ते मी चाळिशीत ठरवलं, अठराव्या वर्षी माझ्यावर लादलं असतं तर मी कदाचित पळूनच गेले असते.

निरामय विमा काढलाय का त्याचा? त्याच न्यासाचा आहे, 1 लाखापर्यंत, औषधं थेरपी धरून. आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते. फोटो काढायला नेशील तेव्हा त्याचा तो जुना रिमोट हातात असू दे, तू लिहिलं होतंस ना, त्याच्याशिवाय तो बसत नाही म्हणून.

तुझी ताई